विमानशाळा बघायला गेलो तेव्हा

परवा पाटसहून दौंडला येताना गाडीची काच खाली घेतली आणि मळीचा वास आत आला. गाळपाचे दिवस होते. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, ट्रॉलीतून लोंबणारी उसाच्या शेंड्यांची वाढी, त्यांच्या चाकांनी उडवलेली पांढरी धूळ. हा वास आला की दुसऱ्या कुणाला गूळ आठवेल, कारखान्याचा भोंगा आठवेल. मला पहाटेची थंड हवा आठवते, कानावर घट्ट बसलेले हेडफोन आठवतात आणि पंखाखाली पसरलेला ऊस. गाडी कधी माळाच्या रस्त्याला वळली ते कळलंच नाही.

माळावर आता काही उरलेलं नाही. धावपट्टीच्या डांबराला भेगा पडल्यात आणि त्यातून कुसळं वर आलीत. हँगरचे पत्रे कुणी काढून नेले, नुसत्या लोखंडी कमानी उभ्या आहेत. शाळा केव्हाच दुसरीकडं हलली. मी पट्टीच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. चपलेखाली खडी वाजत होती. एक चंडोल गात गात वर चढत होता, आणि मी सवयीनं वारा कुठून येतोय ते बघितलं. पश्चिमेकडून. हलका. उडायला उत्तम.

त्या दिवसांत आम्ही दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दादा, म्हणजे माझे वडील, मालगाडीवर गार्ड होते. त्यांच्या पांढऱ्या कपड्यांना इस्त्रीचा आणि डिझेलचा असा एकत्र वास यायचा. पहाटे ते बुद्धवंदना म्हणत, स्वयंपाकघरात आईच्या हातावर भाकरी थापली जात असे, आणि यार्डात डबे एकमेकांवर आदळत. हे तिन्ही आवाज एकातएक मिसळलेले असत. त्यातला एखादा नसला तरच मला जाग येई.

मी शिरूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकले, तिथं आत्याकडं राहून. घोडनदीच्या पुलावरून चालत जायचं, वहीला प्रयोगशाळेतल्या आम्लाची भोकं. मग कुरकुंभच्या एका औषधाच्या कारखान्यात लॅबमध्ये लागले. कंपनीची बस, शिफ्ट, निळा कोट. घरी आल्यावर आई दारातच म्हणायची, "आधी केस धू. तुझ्या डोक्याला फिनेलचा वास येतोय." फिनेल नव्हतं ते, पण आईच्या लेखी सगळी रसायनं म्हणजे फिनेलच.

एका सकाळी शिफ्ट संपवून कुरकुंभच्या फाट्यावर बसची वाट बघत उभी होते. सगळे रस्त्याकडं बघत होते. मी वर बघत होते, कारण वर एक छोटं पांढरं विमान गोल गोल घिरट्या घालत होतं. इतकं खाली की त्याच्या दारावरची निळी रेघ दिसत होती. शेजारी उभी असलेली शबाना माझ्याच लॅबमधली, शिरूरची. ती म्हणाली, "ते शिकाऊ असतं. माळावर शाळा हाय न्हवं का. पैसे भरले की कुणालाबी शिकवत्यात."

"कुणालाबी?"

"व्हय. नोकरीसाठीच शिकलं पाहिजे असं न्हाई. खाजगी लायसन असतंय. गाडीचं असतंय तसं."

बस आली. चढले. खिडकीतून ते विमान दिसेनासं होईपर्यंत मान वळवून बघत राहिले. माझ्या आयुष्यात बरेच निर्णय मी पुष्कळ विचार करून घेतलेत. हा मात्र फाटा ते दौंड एवढ्या वाटेत झाला होता आणि एकदा झाल्यावर तो कधी हलला नाही.

घरी सांगितलं तेव्हा दादा बूट पुसत होते.

"नोकरी सोडणार?"

"न्हाई. सुट्टीच्या दिवशी शिकणार. पगार माझाच, वेळबी माझाच."

"आन् उडून जाणार कुठं?"

"कुठंच न्हाई. फिरून परत खालीच."

दादा हसले. "आमचं बरं हाय. इंजिन बंद पडलं तर गाडी जागेवर उभी राहती." मग ब्रश बाजूला ठेवून माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "शिक."

आई भाकऱ्या करत होती. त्या वर्षी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. मला वाटलं, ती आता तो विषय काढेल. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, कडा दाबल्या, फुगू दिली. मग म्हणाली, "शाळा मी बघणार. ज्याच्या हातात पोरगी द्यायची त्याला मी आधी बघणार."

त्या काळी दौंडच्या स्टेशन रस्त्यावर सायबर कॅफे निघाला होता. प्लायवूडचे कप्पे, मोठ्ठ्या पोटाचे मॉनिटर, आत उदबत्तीचा वास. तिथं बसून मी विमानशाळा शोधल्या. एक उत्तरेला होती, फार नावाजलेली, पण तिथं जायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं. ती आपोआप गळली. एक होती परजिल्ह्यात, मोठ्या शहराच्या बाहेर. तिच्या पानावर पांढऱ्या शर्टातली, खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावलेली मुलंमुली ओळीनं उभी होती, मागं निळंशार आकाश. खरं सांगायचं तर मला तीच हवी होती. त्या पट्ट्या मला हव्या होत्या. आणि तिसरी आमच्या माळावरची, जिचं पानच उघडत नव्हतं.

पट्ट्यांच्या शाळेत आम्ही थंडीत गेलो. दादांनी पास काढला, आईनं शेंगदाण्याची चटणी आणि भाकऱ्या बांधून घेतल्या. इमारत काचेची होती. आत गारवा, काचेच्या टेबलावर विमानाची प्रतिकृती, भिंतीवर मोठमोठे फोटो. टाय लावलेल्या एका माणसानं आम्हाला कोल्ड्रिंक पाजलं आणि भरभरून बोलला. सगळं मराठी-इंग्रजीत, गोड. त्याच दिवशी नाव नोंदवलं तर गणवेश फुकट. मी शर्टाचं माप मनातल्या मनात घेऊनसुद्धा टाकलं होतं.

आई म्हणाली, "इमान दाखवा की."

"दाखवू ना, काकू. आधी फॉर्मॅलिटी..."

"आधी इमान."

तो आम्हाला मागच्या मैदानात घेऊन गेला. विमान झकास होतं. लाल-पांढरं, चकचकीत. त्याच्या पंखाच्या सावलीत एक कुत्री आडवी पडली होती आणि तिची पिल्लं चाकाभोवती पळापळ करत होती. एक पिल्लू चाकाचा रबर चावत होतं. मागच्या चाकाच्या आडोशाला कुत्रीनं माती उकरून खोल, गुळगुळीत घर केलेलं.

मी त्या पिल्लांकडं बघत राहिले. डोळे उघडलेले, दात आलेले, पळणारी पिल्लं. आईनंही बघितलं. आम्ही एकमेकींकडं बघितलं नाही, पण दोघींना एकच गोष्ट कळली होती. ही जन्मल्यापासून हे विमान जागचं हललेलं नव्हतं.

"शेवटचं कधी उडालं?" मी विचारलं.

"एक पार्ट यायचाय, मॅडम. पुढच्या आठवड्यात चालू."

कोपऱ्यात कँटीनच्या बाकावर पांढऱ्या शर्टातली चार-दोन मुलं बसली होती. त्यांच्यापाशी जाऊन मी तोच प्रश्न विचारला. एक मुलगी खाली बघत म्हणाली, "आम्ही दिवाळीपासून पुढच्या आठवड्याची वाट बघतोय." तिच्या खांद्यावरच्या पट्ट्या अगदी नव्या होत्या.

परतीच्या गाडीत बसलो. वाईट वाटत होतं, ते त्या शर्टाचं. दादांनी भाकरी पुढं केली. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पिल्लं गोड होती." आणि मग आम्ही तिघं इतके हसलो की समोरचे प्रवासी बघायला लागले.

माळावरच्या शाळेत गेलो तो दिवस मला वासांनी आठवतो. तापलेला पत्रा, ग्रीस, रिकाम्या डब्यात लावलेली तुळस, आणि या सगळ्यावर पसरलेला धूर. आसपास ऊस तुटून गेला होता आणि शेतकरी पाचट पेटवत होते. हँगरमध्ये दोन विमानं. एकाचं इंजिन उघडं, त्यात एक मेकॅनिक कोपरापर्यंत हात घालून उभा. दुसरं नुकतंच उतरलेलं, त्याच्या नाकाडाजवळ हात नेला तर ऊब लागायची. रंग जागोजाग उडालेला. पंखाच्या कडेवर चिलटं चिकटलेली, आणि एक मुलगा फडक्यानं ती पुसताना दुसऱ्याशी भांडत होता, "आता माझी पाळी हाय, तू सकाळी घेतली की." ते भांडण ऐकून मला बरं वाटलं.

शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या असाव्यात. केस आखूड, पायात कॅनव्हासचे बूट, चेहरा उन्हानं रापलेला. सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणत. त्यांनी आम्हाला स्टुलावर बसवलं आणि चहा सांगितला. आईनं चहाची वाट बघितली नाही.

"मॅडम, तुमच्या हाताखाली कुणी पडलंय का?"

दादा अस्वस्थ झाले. "अगं..."

"विचारू द्या त्यांना," मॅडम म्हणाल्या. "पडलं नाही कुणी. पण एक मुलगा पट्टी सोडून शेजारच्या हरभऱ्यात गेला होता. त्याला खरचटलंसुद्धा नाही. विमानाचं चाक मोडलं."

"त्याची चूक?"

"माझी. तो अजून तयार नव्हता आणि मी त्याला एकट्याला सोडलं. तेव्हापासून मी घाई करत नाही. तुमच्या मुलीलाही वेळ लागेल. दोन विमानं आहेत, त्यातलं एक कायम असं उघडं असतं. तिला थांबावं लागेल."

आई त्यांच्याकडं बघत राहिली. त्याही नजर न चुकवता बघत राहिल्या. चहा आला.

मला त्या दिवशी एक फेरी मारून आणणार असं फोनवर ठरलं होतं. मी त्यासाठी आदल्या दिवसापासून नीट जेवले नव्हते. मॅडम उठून बाहेर गेल्या, कमरेवर हात ठेवून धुराकडं बघितलं. कारखान्याची चिमणी, जी एरवी इथून स्पष्ट दिसते असं त्या म्हणाल्या, ती करड्या पडद्यामागं गेली होती.

"आज नाही," त्या म्हणाल्या.

"मॅडम, थोडंसंच जाऊन येऊ की," दादा म्हणाले. "मी रजा टाकून आलोय. सकाळी तुमचंच विमान उडत होतं."

"सकाळी दिसत होतं. आता दिसत नाही. परत या." एवढं बोलून त्या विमानाकडं वळल्या आणि चाकाला ठोकळा लावू लागल्या.

फाट्यापर्यंत चालत यावं लागलं. दादा पुढं तरातरा चालले होते. "ही काय पद्धत झाली? बोलावून घ्यायचं आन् परत पाठवायचं." माझे डोळे धुरानं चुरचुरत होते आणि फक्त धुरानंच नव्हे. मला त्या दिवशी आकाश बघायचं होतं. त्याऐवजी माझ्या ओढणीला करपलेल्या पाचटाचा वास येत होता.

पण चालता चालता माझ्या मनात काहीतरी जागेवर बसत गेलं. त्या बाईला माझा प्रवेश हवा होता, ते त्या रंग उडालेल्या विमानावरून दिसतच होतं. फेरी मारून आणली असती तर मी तिथल्या तिथं हो म्हटलं असतं, हे तिलाही ठाऊक होतं. तरी ती नाही म्हणाली. उद्या आकाशात मी चुकले, तर मला अशाच नाही म्हणणाऱ्या माणसाच्या हातचं शिकलेलं हवं होतं.

"दादा," मी मागून हाक मारली. "मी इथंच शिकणार."

दादा थांबले. आईकडं बघितलं. आई म्हणाली, "माझं मगाशीच ठरलंय. चहा येण्याच्या आधी."

मग जे ऋतू आले ते मला क्रमानं आठवत नाहीत. सायकलवरून फाटा, फाट्यावरून मिळेल ती जीप, जीपमधल्या बायकांच्या पाट्यांमध्ये मेथी. गवतावर दव असताना विमानाभोवती मारायची फेरी, पंखावरून तळहात फिरवत. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढून उजेडासमोर धरायचं, पाणी मिसळलंय का बघायला. किंचित निळं असायचं ते. त्याचा वास बोटांना दिवसभर राहायचा आणि लॅबमध्ये शबाना म्हणायची, "आलीस व्हय उडून?" रेडिओवर इंग्रजी बोलायला मी सुरुवातीला घाबरायचे. मॅडम म्हणाल्या, "कविता म्हणायची नाहीये. तू कोण, कुठं आहेस, काय करणार. बस." त्यानंतर घाबरले नाही. आजही कुठं परक्या ठिकाणी बोलायची वेळ आली की मी तेवढंच बोलते.

उसाला तुरे आले की वरून सगळं शिवार पिसासारखं दिसायचं, रुपेरी, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं. भीमेवर थंडीत धुकं नदीच्याच वळणानं पडून राहायचं, म्हणजे पाणी न दिसताही नदी दिसायची. दौंडचं यार्ड म्हणजे विस्कटलेला करदोडा. त्यात कुठं तरी एका गाडीच्या शेवटच्या डब्यात दादा असतील असं वाटून मी उगाच पंख हलवायचे.

एकटीनं उडायचा दिवस मॅडमनी न सांगता आणला. उतरलो, त्यांनी पट्टा सोडला, दार उघडलं आणि म्हणाल्या, "मी चहा घेते. तू एक फेरी मारून ये." शेजारची जागा रिकामी झाली. विमान इतकं हलकं झालं की ते मला विचारायच्या आतच वर निघालं.

वर सगळं ठीक होतं. उतरायला पट्टीसमोर आले, वेग बरोबर, उंची बरोबर. आणि धावपट्टीच्या मधोमध पांढरं-काळं काहीतरी सरकताना दिसलं. मेंढरं. धनगराचा अख्खा कळप डांबर ओलांडत होता, सावकाश, मध्येच उभा राहत. आपल्याला वाटतं अशा वेळी छातीत धडधडत असेल. तसं काही झालं नाही. हात आपोआप पुढं गेला, इंजिनाला पूर्ण जोर दिला, नाक उचललं, आणि मेंढरांवरून, वर मान करून बघणाऱ्या धनगराच्या लाल पागोट्यावरून मी पुन्हा आकाशात गेले. रेडिओ गप्प होता. मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या फेरीला पट्टी मोकळी होती. अशी उतरले की चाकं टेकल्याचं आवाजावरून कळलं.

धावत आलेल्या पोरांनी रिवाजाप्रमाणं माझ्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. नखशिखान्त भिजून मी मॅडमना विचारलं, "तुम्ही काहीच का नाही बोललात?"

"तुझं चाललं होतं की बरोबर," त्या म्हणाल्या. "मध्ये कशाला बोलायचं?"

लायसन आलं त्या हिवाळ्यात पहिली प्रवासी म्हणून मी आईला बसवलं. दादा म्हणाले, "मी खाली थांबतो. झेंडी दाखवायला कुणी तरी पाहिजे." आई नवी पांढरी साडी नेसून आली होती, पदर कमरेला घट्ट खोचलेला. हेडफोन अंबाड्यावर बसेना, म्हणून तिनं अंबाडा सोडून वेणी घातली. चाकं सुटली तेव्हा तिनं माझा हात धरला नाही. सीटची कड धरली. शहाणी होती.

भीमा लागली तशी मी नदीच्या वळणानं वर गेले, वडगाव रासाईकडं. ते आईचं माहेर. माझ्या लहानपणानंतर तिथं आम्ही गेलो नव्हतो. नदीकाठच्या तुकड्यावरून, एका बांधावरून, आई आणि तिचा धाकटा भाऊ आबा यांचं बोलणं बंद झालं होतं. कोण काय बोललं ते मला कधी कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फक्त दिवाळीला आईच्या हातून एक करंजी जास्तीची व्हायची आणि ती डब्यात तशीच राहायची.

"हे वडगाव," मी म्हणाले.

आईनं काचेला कपाळ टेकवलं. खाली देवळाचं शिखर, शाळेचं आवार, विहारावरचा निळा झेंडा, नदीकडं उतरणारी वाट. मी एक पंख खाली झुकवला म्हणजे तिला नीट दिसेल.

"आपला मळा कुठाय?" तिनं विचारलं.

"ते बघ. चिंच दिसती का? तिच्या डाव्या अंगाला."

ती बराच वेळ बघत होती. हेडफोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती स्वतःशीच बोलावं तसं बोलली, पण मला स्पष्ट ऐकू आलं. "तो बांध त्यो व्हय? सुताएवढा?"

मी पुन्हा पंख झुकवला. अजून एक फेरी घेतली. चिंचेखाली एक माणूस कपाळावर हात धरून वर बघत होता. आबामामा असेल, नसेलही. आईनं हात हलवला नाही, पण तो दिसेनासा होईपर्यंत मान वळवून बघत राहिली.

पुढच्या रविवारी सकाळी उठले तर आई घरात नव्हती. दादा म्हणाले, "पहिल्या एसटीनं गेली वडगावला. मला इचारलं न्हाई, नुसतं सांगितलं." दिवसभर आम्ही बापलेक तिची वाट बघत घरात वावरलो. दादांनी पिठलं केलं, ते खाली लागलं.

ऊन कलल्यावर ती आली. हातात जड पिशवी, त्यात नदीकाठची काटेरी वांगी आणि ओला हरभरा. पाय धुतले, तांब्याभर पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं. आम्ही दोघं उभेच.

"काय म्हणाला आबा?" शेवटी दादांनी विचारलं.

"काय म्हणायचं?" आई वांगी परातीत ओतत म्हणाली. "आधी बस म्हणला न्हाई. मग रडला. मग म्हणला, आक्के, मला कवा बसवती तुझी पोरगी इमानात?"